सुपरचार्जर लावलेल्या पिकअपची सुटतानाची पकड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी अमेरिकेतील टेक्सास राज्यातली आहे. मालक पन्नाशीतला इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे. आठवड्याचे पाच दिवस तो याच पिकअपमधून केबलची ड्रम आणि शिड्या वाहून नेतो आणि महिन्यातून एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी तीच गाडी जवळच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर) पळवतो. मी त्याचा शेजारी आहे. पुण्यात असताना व्यापारी वाहनांच्या सस्पेन्शनवर काही वर्षे काम केले होते, एवढ्याच भांडवलावर मी या कामात ओढला गेलो. ओळख पटू नये म्हणून गाडीची कंपनी, ट्रॅकचे नाव आणि तारखा वगळल्या आहेत.

कारखान्यातूनच जोरकस इंजिन घेऊन आलेल्या पिकअपची अमेरिकेत एक स्वतंत्र जातकुळी आहे. फोर्डचा एसव्हीटी लाइटनिंग, व्ही-१० इंजिनाचा डॉज रॅम एसआरटी-१० ही त्यातली ठळक नावे. त्याआधी १९९१ मध्ये जीएमसीने सायक्लोन आणला, पण त्याच्या टर्बो इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळत असल्याने सुटताना चाके जागीच घसरण्याची अडचण त्याला फारशी जाणवली नाही. आपली गाडी मात्र मागच्या चाकांवर चालणारी होती. पुढे आठ सिलिंडरांचे लोखंडी धूड आणि त्यावर सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप), मागे रिकामा हौदा, आणि मागच्या ॲक्सलला आपल्याकडच्या टेम्पोला असतात तसे पाटे, अशी तिची रचना होती. मालकाने सुपरचार्जरची पुली बदलून आणि इंजिनाचे प्रोग्रॅमिंग नव्याने करून घेऊन मागच्या चाकांवर सुमारे ४३० अश्वशक्ती आणि ५१० पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळवला होता.

ड्रॅग स्ट्रिपची भाषा ज्यांना परकी आहे त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. शर्यत पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची असते. पुढचे चाक सुरुवातीच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडले की घड्याळ सुरू होते. त्यानंतर ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १,००० फूट आणि शेवटी १,३२० फूट अशा टप्प्यांवर वेळ नोंदवली जाते आणि धाव संपल्यावर चालकाच्या हाती छापील चिठ्ठी पडते. त्या चिठ्ठीवरच्या दोन आकड्यांना या प्रकरणात महत्त्व आहे. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो आणि पहिल्या साठ फुटांची वेळ पकड सांगते. साठ फुटांत वाचवलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत साधारण दीडपट होतो, असा ट्रॅकवरचा अनुभव आहे.

नेमकी अडचण

पहिल्या संध्याकाळी रस्त्यावरच्याच टायरवर तीन धावा झाल्या. साठ फुटांच्या वेळा २.३१, २.२६ आणि २.२२ सेकंद अशा आल्या. सर्वांत चांगली धाव १३.०९ सेकंदांची होती आणि तिचा शेवटचा वेग ताशी १०८ मैल, म्हणजे १७४ किलोमीटर होता. एवढा वेग गाठणाऱ्या आणि चालकासह ४,८८० पौंड भरणाऱ्या गाडीने साडेबारा सेकंदांच्या आसपास यायला हवे होते. ताकद होती, पण ती जमिनीपर्यंत पोहोचत नव्हती.

मालकाचे निदान एका वाक्यात संपले होते, ते म्हणजे टायर बदला. त्यात तथ्य होते, परंतु आधी हिशेब करावा असे मी सुचवले. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गाडी आधी पूर्ण आणि मग फक्त मागची चाके ठेवून तोलली, तेव्हा मागे २,०७० पौंड, म्हणजे सुमारे ४२ टक्के वजन भरले. पहिल्या गिअरचे प्रमाण २.७१ आणि मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचे ३.७३ धरले, तर चाकांशी सुमारे ५,१५० पौंड-फूट टॉर्क येतो आणि साडेअठ्ठावीस इंच व्यासाच्या टायरवर त्याचा जोर ४,३०० पौंडांहून अधिक होतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला द्रवाचा जोड) सुटताना तो आणखी वाढवतो, ते वेगळेच. उलट बाजूने, २.२६ सेकंदांच्या वेळेवरून सरासरी प्रवेग ०.६ जी च्या (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) आसपास निघत होता. म्हणजे रस्त्याने प्रत्यक्षात पेलला तो जोर २,८०० ते २,९०० पौंडांचाच होता, आणि बाकीचा टायरच्या धुरात जात होता.

यात एक चक्र दडलेले आहे. बैलगाडीत ओझे मागे सरकले की गाडी उलार होते. इथे ओझे जागचे हलत नाही, तरी पुढे झेपावताना गाडीचा भार मागच्या चाकांवर येतो. गुरुत्वमध्याची उंची अंदाजे २८ इंच आणि दोन ॲक्सलमधील अंतर १२० इंच धरले, तर ०.६ जी प्रवेगाला सुमारे ६८० पौंड मागे येतात आणि ०.९ जी ला हजाराहून अधिक. पकड मिळाली तर प्रवेग वाढतो, प्रवेग वाढला तर भार मागे येतो आणि भार मागे आला की पकड आणखी वाढते. मात्र पहिल्याच क्षणी टायर घसरला की हे चक्र सुरूच होत नाही. सुपरचार्जरमुळे तो पहिला क्षणच अवघड झाला होता, कारण टर्बोला दाब साठायला जो वेळ लागतो तो या जातीच्या सुपरचार्जरला लागत नाही. पॅडल दाबताच सगळा टॉर्क हजर होतो.

विचारात घेतलेले पर्याय

गाडी सोमवारी कामावर गेली पाहिजे, ट्रेलर ओढता आला पाहिजे आणि रस्त्यावर कायदेशीर राहिली पाहिजे, अशी मालकाची अट होती. या अटीने अर्धे पर्याय आपोआप बाद झाले. पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि चार दांड्यांची रचना बसवणे तांत्रिकदृष्ट्या उत्तम ठरले असते, पण खर्च काही हजार डॉलरचा होता आणि हौद्यात ओझे नेण्याची क्षमता गेली असती. पूर्ण शर्यतीचे, नक्षी नसलेले टायर दर वेळी बदलावे लागले असते. पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी एका बाजूला कलू न देणारी दांडी) सोडून पुढचा भाग मोकळा करण्याची युक्ती ट्रॅकवर अनेक जण वापरतात. ती मी नाकारली, कारण रात्री दमून घरी निघालेला माणूस तो पुन्हा जोडायला विसरू शकतो.

हौद्यात वजन टाकण्याचा पर्याय मालकाने मला न विचारताच करून पाहिला. साठ पौंडांची एक, अशी वाळूची पाच पोती टाकून तो ट्रॅकच्या फाटकावर पोहोचला आणि तपासनिसाने त्याला तिथूनच बाजूला काढले. सुटे वजन घेऊन धावू देत नाहीत. जे वजन ठेवायचे ते चेसिसला बोल्टने पक्के असावे लागते. पोती कुंपणाशी उतरवून ठेवावी लागली. ती चालली असती तरी फायदा संशयास्पदच होता. शंभर पौंडांमागे पाव मैलाला साधारण दशांश सेकंद जातो, असा ठोकताळा आहे. म्हणजे तीनशे पौंडांनी पकडीत जे कमावले असते त्यातले बरेचसे पुढे गमावले असते. उलट, मागच्या ॲक्सलच्याही मागे हौद्याखाली टांगलेली स्टेपनी काढून गाडी हलकी करण्याचा मोह मात्र आम्ही टाळला. ॲक्सलच्या मागे असलेले वजन आपल्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकांवर टाकते, त्यामुळे ती होती तिथेच बरी होती.

उरले ते रस्त्यावर चालणारे ड्रॅग रेडियल टायर, पाट्यांचा पीळ रोखणारे ट्रॅक्शन बार आणि चालकाचा पाय. मालकाने टायर निवडले. मी बारांचा आग्रह धरायला हवा होता, तो धरला नाही.

दुसरी संध्याकाळ : टायर आले, गाडी उड्या मारू लागली

त्याच १८ इंची रिमवर बसणारे, मऊ रबराचे ड्रॅग रेडियल २० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवेवर घेऊन आम्ही गेलो. सुटण्याच्या जागी काँक्रीट आणि पुढे डांबर, अशी या ट्रॅकची रचना आहे. (याच राज्यात एनिस येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या मोटरप्लेक्स या ट्रॅकवर अख्खा पाव मैल काँक्रीटचा केला गेला. तो चैनीचा भाग आमच्या नशिबी नव्हता.) काँक्रीटवर चिकट द्रावण फवारून त्यावर रबर घासलेले असते. रांगेत उभे असताना मी तिथून चालत गेलो, तर प्रत्येक पावलाला बुटाचा तळ ओढला जात होता आणि एकदा टाच बुटातून अर्धी बाहेर आली. एवढी पकड रस्त्यावर कुठेच मिळत नाही.

पहिल्या सुटण्याला टायरने जमीन धरली, गाडी एक-दीड मीटर झेपावली आणि मग मागचा ॲक्सल धडाधडा आपटू लागला. मालकाने पाय काढला. दुसऱ्या वेळी त्याने हट्टाने पाय दाबून ठेवला. साठ फुटांची वेळ २.०९ आली, पण मागून येणारा आवाज ऐकून मीच त्याला थांबायला सांगितले. पकड वाढली होती आणि गाडी आधीपेक्षा धोकादायक झाली होती.

कारण फोनवर घेतलेल्या संथ चित्रणात स्पष्ट दिसले. ॲक्सलच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, मी पांढऱ्या टेपची एक आडवी पट्टी चिकटवली होती. सुटताक्षणी ती पट्टी फिरली. चाकांना पुढे ढकलणाऱ्या टॉर्कची प्रतिक्रिया हाउसिंगला उलटे फिरवते, पिनियनचे (शाफ्टचा जोर ॲक्सलमध्ये घेणाऱ्या दातेरी चाकाचे) नाक वर उचलले जाते आणि पाटा ॲक्सलच्या पुढे एका बाजूला, मागे दुसऱ्या बाजूला वाकून नागमोडी होतो. पाट्याने एका मर्यादेपर्यंत पीळ सोसला की टायर सुटतो, पाटा झटक्याने सरळ होतो, टायर पुन्हा जमीन धरतो आणि पुन्हा पीळ भरतो. सेकंदाला अनेकदा होणारी हीच धडधड आम्ही ऐकत होतो. रस्त्यावरचे टायर निमूटपणे घसरत असल्यामुळे पाट्यांचा हा दोष तोपर्यंत झाकलेला होता.

चित्रणात दुसरीही एक गोष्ट सापडली. उजवे चाक डाव्यापेक्षा आधी आणि जास्त फिरत होते. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टॉर्कची प्रतिक्रिया सरळ ॲक्सलच्या गाडीत उजवे मागचे चाक हलके करते, हे पुस्तकात आहे. पण फरक त्याहून मोठा होता. घरी एक चाक उचलून टॉर्क पान्याने फिरवून पाहिले, तर एकच चाक मोकाट फिरू नये म्हणून डिफरन्शियलमध्ये असलेल्या मर्यादित-घसरण क्लचने जवळपास काहीच विरोध केला नाही. तबकड्या झिजल्या होत्या. डावा पाटा ॲक्सलला जखडणाऱ्या यू-बोल्टचा एक नट तर हाताच्या पान्याने पाव फेरा आत गेला.

निर्णयाचा टप्पा

इथे खरा निर्णय घ्यायचा होता. मालक वैतागला होता आणि इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये प्रोग्रॅमिंगने कमी करून मोकळे व्हावे असे त्याचे म्हणणे होते. हा उपाय फुकटात होण्यासारखा होता आणि वाईटही नव्हता. माझे म्हणणे असे की, पीळ आणि झिजलेला क्लच तसेच ठेवून टॉर्क कमी केला, तर रोग तसाच राहून ताप तेवढा उतरेल आणि पुढे पुली बदलली की तो पुन्हा चढेल. आम्ही यांत्रिक दुरुस्ती आधी आणि प्रोग्रॅमिंग अगदी शेवटी, असे ठरवले.

ट्रॅक्शन बारांचे तीन प्रकार समोर होते. पाट्याखाली बसणारी आणि टोकाला रबरी ठोकळा असलेली साधी पट्टी सर्वांत स्वस्त, पण ठोकळा पाट्याला टेकेपर्यंत थोडा पीळ होऊ देणारी. शिडीच्या आकाराचे बार पीळ पूर्ण थांबवतात, पण रोजच्या खड्ड्यांत ॲक्सलची मोकळी हालचाल अडवतात. तिसऱ्या प्रकारात ॲक्सलखालून निघालेली दांडी पाट्याच्या पुढच्या डोळ्याशी बसवलेल्या एका तरफेला ढकलते आणि ती तरफ पाट्याचा पुढचा भाग वरून दाबते. हाउसिंग फिरायला गेले की त्याचाच जोर टायर जमिनीत दाबायला वापरला जातो. हा तिसरा प्रकार घेतला. पाट्याचा पुढचा भाग दांडीसारखा ताठ ठेवायचा, ही कल्पना नवी नाही. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकातच पुढचा भाग आखूड व ताठ असलेले पाटे आणि पिनियनच्या नाकावर रबरी ठोकळा वापरून तेच साधले होते.

त्यासोबत क्लचच्या तबकड्या, नवे यू-बोल्ट आणि पाट्याखाली पाचर बसवून पिनियनचे नाक सुमारे दोन अंश खाली, एवढी कामे झाली. पाचर यासाठी की जोर पडल्यावर नाक जे थोडेफार वर येणारच, ते वर येऊन प्रोपेलर शाफ्टच्या रेषेत बसावे. उजव्या बाजूच्या बाराला अर्ध्या फेऱ्याचा जादा ताण दिला, हलक्या होणाऱ्या चाकाची भरपाई म्हणून. सर्व मिळून, टायर धरून, सुमारे १,६०० डॉलर खर्च झाला.

तिसरी आणि चौथी संध्याकाळ

या वेळी मी एकच नियम घातला, की एका धावेत एकच गोष्ट बदलायची. मालकाला तो जाचक वाटला, पण त्याने पाळला.

२० पीएसआयवर पहिली धाव झाली. धडधड नाहीशी झाली होती आणि साठ फुटांना १.९३ सेकंद लागले. १७ वर १.८७ आले. १५ वर वेळ पुन्हा १.९० वर गेली आणि शेवटी वेगात गाडी डोलते आहे असे मालकाने सांगितले. इतक्या जड गाडीखाली कमी हवेचा टायर कडेने लवतो आणि त्याच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याचा मधला भाग उचलला जातो, म्हणून कमी हवा म्हणजे जास्त पकड हा समज एका मर्यादेपलीकडे उलटतो. आम्ही १७ वर परतलो.

नंतर पाळी पायाची. सुटण्याआधी टायर ओले करायच्या पाण्याच्या खड्ड्यातून थेट गेले तर नक्षीदार टायर पाणी घेऊन सुटण्याच्या रेषेपर्यंत येतात. त्यामुळे खड्ड्याला वळसा घालून, मागची चाके फक्त ओल्या कडेवर घेऊन टायर तापवायला जागीच फिरवायचे आणि धूर दिसू लागताच थांबायचे, हे त्याला शिकावे लागले. तोपर्यंत तो लोकांना दाखवण्यासाठी जास्तच धूर काढत होता. सुटताना ब्रेकवर पाय ठेवून तो इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांपर्यंत नेत असे. तिथे मागची चाके ब्रेकला न जुमानता हलू पाहत आणि पाट्यांत आधीच पीळ भरलेला असे. १,४०० वर सुटून पॅडल एकदम न आपटता साधारण एका सेकंदात तळाशी न्यायचे ठरवले. पहिल्या दोन धावांत ते जमले नाही. तिसरीत १.८२ आले.

चौथी संध्याकाळ थंडीतली होती. बाकी काहीही न बदलता साठ फुटांना १.७८ सेकंद, एकूण १२.४१ सेकंद आणि शेवटी ताशी १०९ मैल वेग नोंदला गेला. यातला किती भाग थंड, घट्ट हवेचा, किती ट्रॅकच्या चांगल्या तयारीचा आणि किती चालकाच्या सरावाचा, हे वेगळे करता येत नाही, पण वेग एकाच मैलाने वाढलेला असल्यामुळे फायदा मुख्यतः पकडीचा आहे, एवढे म्हणता येते.

निष्पत्ती आणि तिची किंमत

पहिल्या संध्याकाळच्या तुलनेत पाव मैलात ०.६८ सेकंदांची बचत झाली आणि इंजिनाला हातही लावावा लागला नाही. पहिल्या गिअरमधील टॉर्क कमी करण्याचे प्रोग्रॅमिंग करण्याची वेळच आली नाही. गाडी अजूनही केबलची ड्रम वाहते. खड्ड्यांत बारांचा खडखडाट होतो आणि मालकाच्या पत्नीला तो आवडत नाही.

किंमत दुसरीकडे द्यावी लागली. चौथ्या संध्याकाळनंतर गाडी मागे घेताना एक बारीक टक् असा आवाज येऊ लागला. खाली झोपून पाहिले तर प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या क्रॉसच्या (सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याच्या) एका टोपीभोवती तांबूस भुकटी जमली होती. आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून घासल्या होत्या. टायर घसरत होता तोवर तोच या यंत्रणेतला फ्यूज होता. तो पक्का केल्यावर झटका पुढच्या कमकुवत सांध्यावर गेला. क्रॉस बदलला आणि शाफ्ट तुटल्यास तो जमिनीत रुतू नये म्हणून त्याभोवती सुरक्षा-कडे बसवले. रस्त्यावरच्या टायरवर साडेअकरा सेकंदांहून संथ धावणाऱ्या गाडीला नियमाने ते बंधनकारक नाही, म्हणून आम्ही आधी टाळले होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक क्रमाची होती. टायर आणि बार एकाच वेळी, किंवा बार आधी बसवायला हवे होते. दुसऱ्या संध्याकाळच्या त्या दोन धावांत ॲक्सलने सोसलेले आघात पाहता क्रॉसची झीज तिथेच सुरू झाली असावी, असा माझा अंदाज आहे, जरी तो सिद्ध करता येणार नाही. डिफरन्शियलचा क्लच आणि यू-बोल्ट तपासायला अर्धा तास आणि शून्य खर्च लागतो. ते काम पहिला डॉलर खर्च करण्याआधीच व्हायला हवे होते. संथ चित्रणही पहिल्याच संध्याकाळी घेता आले असते. पट्टी तेव्हाही फिरलेली दिसली असती, थोडी कमी इतकेच.

दुसरे, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरना आम्ही हात लावला नाही. सहज उघडणारे पण मिटायला जोर लागणारे शॉक पुढचा भाग लवकर उचलू देतात आणि भार मागे लवकर येतो. पण ट्रेलर ओढताना तेच शॉक त्रासाचे ठरतील, अशी भीती होती. ही भीती खरी की माझी सवय, हे तपासायचे राहिले आहे.

तिसरी गोष्ट सगळे संपल्यावर कळली. क्रॉस बदलताना मालकाच्या हवा मोजण्याच्या गेजशेजारी मी माझा गेज लावून पाहिला, तर त्याचा गेज दोन पीएसआय कमी दाखवत होता. आमच्या धावांची आपापसातली तुलना त्याने बिघडत नाही, कारण सगळीकडे तोच गेज होता. मात्र या लेखातला १७ हा आकडा त्या गेजवरचा १७ आहे आणि टायरमध्ये प्रत्यक्षात १९ च्या आसपास हवा होती.